‘मुद्दाम करतो का हो हा?’

मेंदूची झीज करणारा आनुवंशिक आजार ज्या घरात मुलाला आहे, तिथले पालक माझ्याकडे येतात तेव्हा आजाराबद्दल फारसं विचारत नाहीत. विचारतात ते हे: “मॅडम, मुद्दाम करतो का हो हा?”

गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका आईनेही हेच विचारलं. मुलगा सोळा वर्षांचा. त्याला रोहन म्हणू. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) अक्षर बिघडलं, मार्क घसरले, वर्गात मारामाऱ्या, घरी भांड्यांची फेकाफेक. हंटिंग्टन या अशाच आजाराचं निदान बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात झालं होतं. वडील याच आजाराने गेले. झोकांड्या खात चालायचे म्हणून गावाने त्यांना बेवडा ठरवलेलं. आपल्याकडे तोल गेलेला माणूस प्यायलेलाच असतो! आणि आता सासूबाई म्हणत होत्या, “बापायचेच गूण.”

वडिलांकडून आलं होतं ते जनुक. चौथ्या गुणसूत्रावरच्या या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं प्रमाणाबाहेर पुन्हापुन्हा येतात. विशीच्या आत लक्षणं दिसणाऱ्या मुलांत ही संख्या बहुधा ६० च्या पुढे असते. त्यांच्यात हातापायांच्या अनावर हालचालींपेक्षा ताठरपणा आणि मंदपणा जास्त. चिडचिड आणि अभ्यासातली घसरण तर कित्येकदा त्याच्याही आधी दिसते, म्हणून सगळं खापर वयावर फुटतं.

“काही विचारलं की गप्प. तीनदा विचारलं की ताट भिरकावतो,” आई म्हणाली.

मी रोहनला विचारलं, “चहा की कोकम सरबत?” तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. आईने लगेच, “सांग ना रे, मॅडम विचारतायत!” तिला मी हातानेच थांबवलं. त्याचा जबडा किंचित हलला, पुन्हा थांबला. आईची चुळबुळ वाढली. बऱ्याच वेळाने आवाज आला, “सरबत.”

“म्हणजे तो उत्तर जुळवतच होता?”

हो. आणि दर वेळी दुसरा प्रश्न येऊन ते मोडत होतं. हे तिचं तिलाच उमगलं, याचा मला आजही आनंद आहे. मुलाला सुधारायला निघण्याआधी घराची रीत तपासा, असं मी पहिल्यापासून सांगत आले आहे.

म्हणून एका वेळी एकच प्रश्न विचारा, दोनच पर्याय द्या आणि थांबा. जेवणाची वेळ चुकवू नका. या आजारात शरीराला उष्मांक जास्त लागतात आणि भुकेला ताटकळणं त्यांना झेपत नाही. बेत बदलणार असेल तर आधी सांगा. भडकलाच तर वाद घालू नका, खोलीतून बाहेर पडा. दिवसभर लोळतो तो आळस नसेल. स्वतःहून सुरुवात करण्याची यंत्रणाच मंदावलेली असते. राग एकाएकी वाढला तर दातदुखी, बद्धकोष्ठ, नवं औषध हेही बघा, कारण दुखतंय हे त्याला सांगता येईलच असं नाही. चिडचिडीवर, नैराश्यावर औषधं आहेत, ती मनाने बंद करू नका. मरणाची भाषा केली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

निघताना आईने धाकट्या मुलीच्या चाचणीचं विचारलं. अशा घरात प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के. पण लक्षणं नसताना अठराच्या आत ही चाचणी करत नाहीत; पुढे करायची की नाही, ते तिचं ती ठरवेल. तरी पुढच्या भेटीला तिलाही आणायला सांगितलंय. भाऊ असा का वागतो, हे तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही.