पगार तिप्पट झाला, मग पीएफ का मोडला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय २९, हिंजवडीत नोकरी. २०१८ साली ३ लाख ६० हजारांच्या पॅकेजवर लागलो, २०२१ मध्ये साडेसहा लाखांवर दुसरीकडे गेलो, २०२४ मध्ये ११ लाखांवर तिसरीकडे. दोन्ही वेळा मध्ये दोन-अडीच महिने घरी होतो, तेव्हा पीएफ काढून घेतला. आधी साधारण ९० हजार होते. दुसऱ्यांदा २ लाख १० हजार होते, टीडीएस कापून १ लाख ९० हजार हातात आले. त्यातून ओळखीच्या एजंटकडून वर्षाला १ लाख हप्त्याची ‘हमखास परतावा’ पॉलिसी घेतली. आता पुनावळ्यात ७५ लाखांचा फ्लॅट बघितलाय. वडील जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेत, ते १५ लाख देतील, ६० लाखांचं कर्ज. हप्ता ५२ हजार, हातात येतात ७३ हजार. पगार वर्षाला १५ टक्क्यांनी वाढेल असं धरलंय. फ्लॅट घेऊ का?

नाही. निदान हा फ्लॅट, इतक्या कर्जावर, आत्ता नाही. त्याचा हिशोब पुढे देतो. त्याआधी पीएफबद्दल बोलू. तुम्ही तो जाता जाता सांगितलाय, पण मला पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच वाटली.

दोन्ही रकमा मिळून ३ लाख होत्या. पीएफवर सध्या सव्वाआठ टक्के व्याज मिळतं. पुढे थोडं कमी होईल असं समजून आठ धरू. आठ टक्क्यांनी पैसे नऊ वर्षांत दुप्पट होतात. म्हणजे ३ चे ६, ६ चे १२, १२ चे २४ लाख, तुमच्या साठीच्या आतच. महागाई वजा केली तरी आजच्या हिशोबाने चार-पाच लाख उरतात, आणि त्यासाठी एक रुपयाही नव्याने घालायचा नव्हता.

शिवाय कर. सलग पाच वर्षं व्हायच्या आत पीएफ काढला तर तो करपात्र ठरतो. तुम्ही दोन्हीकडे तीन-तीन वर्षं होतात. पहिला पीएफ दुसऱ्या कंपनीत वर्ग केला असता तर ती तीन वर्षं पुढे मोजली गेली असती. मग २०२४ मध्ये सहा वर्षं भरली असती आणि कर लागलाच नसता. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, नोकरी बदलली तरी एकच असतो तो याचसाठी. एक ऑनलाइन अर्ज करायचा होता, तेवढंच काम.

आणि त्या पैशाचं झालं काय? सव्वाआठ टक्के करमुक्त मिळत होते तिथून पैसे काढले, कर भरला आणि ते अशा पॉलिसीत घातले जी शेवटी पाच-साडेपाच टक्क्यांच्या पुढे जात नाही. ‘हमखास’ या शब्दावर अशा पॉलिसी विकल्या जातात आणि टक्का विचारला की एजंट एकूण रकमेचा आकडा दाखवतो. याचा मला मनापासून संताप येतो. तुमचं विमा कवच किती? दहा लाख. तेवढ्यात तुमच्या आईवडिलांचं काय भागणार? १ कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त तुमच्या मागे घरच्यांना पैसे देणारा, तुमच्या वयाला वर्षाला दहा-पंधरा हजारांत मिळतो. आधी तो घ्या, हातात पडू द्या. मग या पॉलिसीची आजची सरेंडर रक्कम, म्हणजे ती आत्ता मोडली तर किती परत मिळतील, कंपनीकडून लेखी मागवा. भरलेल्या दोन हप्त्यांवर तोटा होईल, तो सोसा. पुढचे दहा हप्ते भरून तो भरून निघणार नाही.

तुम्ही पीएफ मोडलात तो चैनीसाठी नाही, हे मला दिसतंय. दोन्ही वेळा घरी बसलात तेव्हा खर्चाला दुसरे पैसेच नव्हते. सहा वर्षांत पगार तिप्पट झाला आणि तीन महिन्यांचं भाडं बाजूला नव्हतं. हे आधी दुरुस्त करायचं. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे अडीच-तीन लाख, वेगळ्या एफडीत. तोवर घराचा विषय काढायचा नाही.

आता पगारवाढ. ३.६ चे ११ लाख सहा वर्षांत, म्हणजे वर्षाला २० टक्के. त्यावरून तुम्ही १५ धरलेत आणि ते सावधपणाचं आहे असं तुम्हाला वाटतंय. पण ही वाढ आली कुठून ते बघा. नोकरीत असताना तुम्हाला पाच-सहा टक्केच मिळाले, ३.६ चे ४ झाले आणि साडेसहाचे साडेसात. बाकी सगळं दोन उड्यांमध्ये आलं. पहिली उडी २०२१ ची, तेव्हा आयटीत माणसं मिळत नव्हती आणि कंपन्या मागेल तो आकडा देत होत्या. तो काळ परत येईलही, पण त्याच्या भरवशावर वीस वर्षांचा हप्ता बांधता येत नाही. शिवाय चार लाखांवर साठ टक्क्यांची उडी म्हणजे अडीच लाख. अकरावर साठ टक्के म्हणजे साडेसहा लाख. एवढं जास्त द्यायला कंपनीला तुमच्याकडून वेगळं काम हवं असतं. टीम लीडच्या वर जागाही थोड्या. बहुतेकांचा पगार तिशीत जोरात वाढतो, चाळिशीत महागाईच्या जेमतेम पुढे राहतो, आणि पंचेचाळिशीनंतर एकदा नोकरी गेली की आधीपेक्षा कमी पगारावरही लागावं लागतं. तुमच्या कर्जाची शेवटची चार-पाच वर्षं नेमकी तिथेच येतात.

वडिलांचा पगार कासवासारखा वाढला असं तुम्ही लिहिलंत. दर जुलैला तीन टक्के वेतनवाढ, वर्षातून दोनदा महागाई भत्ता, बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, दहा वर्षांनी वेतन आयोग. ती वाढ सावकाश होती, पण ती थांबली नाही, आणि त्यांचा भविष्य निर्वाह निधी निवृत्तीपर्यंत बहुतांशी जागेवर राहिला. तुम्हाला यातलं काहीच नाही. तुमच्या ११ लाखांच्या पॅकेजमध्ये ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली असते. ती पाच वर्षांनंतर मिळते. आधीच्या दोन्ही कंपन्यांनी ती पॅकेजमध्ये मोजली, तुम्हाला एक रुपया मिळाला नाही.

फ्लॅटचा हिशोब. ७३ हजारांतून ५२ गेले की २१ उरतात, पॉलिसी चालू ठेवली तर महिन्याला तेरा हजारांहून कमी. मुद्रांक शुल्काचे सव्वापाच लाख तुम्ही धरलेलेच नाहीत. बिल्डरचा माणूस आधी लहान आणि मग वाढणारा हप्ता सुचवत असेल तर तो तुमच्या न झालेल्या पगारवाढीवरच घर विकतोय. वाढ सहा टक्के धरा आणि हप्ता हातातल्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास, २५ हजारांपर्यंत. त्यात आज तीसेक लाखांचं कर्ज बसतं. तेवढ्यात घर मिळत नसेल तर तीन वर्षं भाड्याने राहा.

वडिलांचे १५ लाख त्यांच्याच नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. ८.२ टक्क्यांनी महिन्याला सरासरी दहा हजार येतात, आणि ते त्यांचे आहेत.

पीएफ काढताना तुम्ही फॉर्म १०सी भरून त्यासोबत जमा होणारे पेन्शनचेही पैसे घेतले का, हे पत्रात नाही. घेतले असतील तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातील. घेतले नसतील तर ती सहा वर्षं अजून वाचवता येतील. आज संध्याकाळी पासबुक उघडून दोन्ही जुन्या खात्यांत पेन्शनच्या रकान्यात काय दिसतं ते मला कळवा.