वाचकांचे प्रश्न : गावच्या इतिहासाची व्याख्याने

प्रश्न : रेवदंड्यात आम्ही काही मंडळी गावाच्या इतिहासावर व्याख्याने ठेवणार आहोत. बाहेरचे वक्ते किल्ले आणि लढाया सांगून जातात, तर गावातल्या वडीलधाऱ्यांना बोलते केले की दंतकथाच अधिक निघतात. यांचा मेळ कसा घालावा?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर : आपला बेत मनापासून आवडला. दंतकथांना मुळीच मज्जाव करू नका. मात्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेले कोणते आणि त्या काळी कोणी लिहून ठेवलेले कोणते, हे वक्त्याने दर वेळी स्पष्ट सांगावे, एवढा नियम पाळा.

पहिले व्याख्यान अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्यावर ठेवावे, असे मी सुचवेन. पंधराव्या शतकात तो शेजारच्या चौलच्या बंदरात उतरला आणि त्याचे स्मारक आज रेवदंड्यातच आहे. विकण्यासाठी आणलेला त्याचा एकुलता घोडा जुन्नरच्या असदखानाने हिसकावून घेतला, धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा देतो असे सांगितले, आणि अखेर एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने तो परत मिळाला. हे सारे निकितीनने स्वतः लिहून ठेवले आहे. त्या काळी चौलच्या बंदरातून परदेशी घोडा वर घाटावर कसा आणि का जात असे, हे या एका घोड्याच्या निमित्ताने शाळकरी मुलांनाही सहज समजेल.

याउलट, नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाची कथा परंपरेने आलेली आहे, आणि ती परंपरा म्हणूनच आदराने सांगावी. या समाजाने कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने लोक त्यांना शनवार तेली म्हणत, आणि १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक जण इस्रायलला गेले, तरी किहीमकर, पेणकर, नवगावकर ही आडनावे त्यांच्याबरोबर गेली, या गोष्टींना मात्र भक्कम आधार आहे.

१५०८ साली चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांचा पराभव केला, तो प्रसंग एखाद्या संध्याकाळी सांगून होईल. कोर्लईला मात्र अधिक वेळ द्या. १७४० मध्ये हा भाग मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. तरीही खाडीपलीकडे कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजमधून घडलेली आणि मराठीच्या सहवासाने वळण बदललेली आपली बोली आजही घरात बोलतात. त्यांच्याविषयी बाहेरच्या अभ्यासकाने बोलण्यापेक्षा तिथल्याच एखाद्या आजीला व्यासपीठावर बसवावे, तिने आपल्या बोलीत बोलावे आणि घरातल्या तरुणाने ते मराठीत सांगावे. इतका जिवंत पुरावा हाताशी असताना केवळ बुरूज दाखवणे मला अन्यायाचे वाटते.

व्याख्यानांचा हंगाम पर्यटकांच्या सोयीने हिवाळ्यात ठेवू नका. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. तेव्हा एखाद्या सभागृहात बैठक ठेवली तर कोळीवाड्यातली माणसे येतील आणि बोलतीलही. त्यांचे बोलणे त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करून घ्या, तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लिहा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.