नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष, मार्चमध्ये असतो, मग पारशी नववर्षाची सुट्टी ऑगस्टमध्ये का?

लीप वर्षामुळे. म्हणजे ते नसल्यामुळे!

जुनं झरथुष्ट्री (म्हणजे पारशांच्या धर्माचं) वर्ष ३६५ दिवसांचं: तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच गाथा दिवस. पाव दिवसाचा हिशेब नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी नववर्ष एक दिवस मागे सरकतं. २०२३ मध्ये ते १६ ऑगस्टला होतं, २०२४ मध्ये १५ ला. आपल्याकडची सुट्टी या शहेनशाही पंचांगाची. पारशांचंच दुसरं, कदमी पंचांग पाळणारे महिनाभर आधीच मोकळे होतात.

वसंतातला खरा नवरोज २१ मार्चच्या आसपास, दिवस-रात्र समान होतात तेव्हा. पारशी त्याला जमशेदी नवरोज म्हणतात. इराणमध्ये तर मुसलमानही तो साजरा करतात. तिथल्या घरांत 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडतात: सीब (सफरचंद), सीर (लसूण), सेरके (व्हिनेगर) वगैरे. त्या सातांतच ताटलीत उगवलेले हिरवेगार गव्हाचे कोंब (सब्जे), अगदी आपल्या घटाच्या धान्यासारखे.

श्रद्धेचं म्हणाल तर देव एकच, अहुरा मज्दा. अग्नी हे त्याच्या तेजाचं प्रतीक. 'अग्निपूजक' हा शब्द पारशांना खटकतो, आणि बरोबरच आहे. सद्विचार, सद्वचन, सत्कर्म हा धर्माचा गाभा.

आणि हो, 'पतेतीच्या शुभेच्छा' देऊ नका. पतेती म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस, केलेल्या चुकांच्या पश्चात्तापाचा. दुसऱ्या दिवशी 'नवरोज मुबारक' म्हणा, दह्याबरोबर गोड शेवया मिळाल्या तर सोडू नका.