सुक्या मासळीचे रामेन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त योकोहामाला राहतो आणि येत्या मार्चअखेर आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. आम्ही मूळचे गुहागरकडचे असल्यामुळे ताजी-सुकी मासळी आम्हाला नवी नाही; मात्र डुकराचे व गाईचे मांस आम्ही खात नाही. सुक्या तारलीच्या दाट रश्श्यासाठी प्रसिद्ध असलेल्या टोकियोतील एका रामेनच्या (गरम रश्श्यात वाढलेल्या गव्हाच्या शेवयांच्या) दुकानात आम्हाला नेण्याचे त्याने ठरवले आहे. हा रस्सा निव्वळ मासळीचा असतो काय? अशा दुकानात जाण्यापूर्वी काय माहीत असावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी मुख्य शंकेविषयी. रस्सा निव्वळ मासळीचा असेल असे मुळीच गृहीत धरू नये. सुक्या मासळीचा वास कितीही ठसठशीत असला, तरी पुष्कळ दुकानांत तो रस्सा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांच्या रश्श्यात मिसळलेला असतो, वर तरंगणारे तेल अनेकदा डुकराच्या चरबीचे असते आणि शेवयांवर ठेवलेले ‘चाशू’चे काप तर सहसा डुकराच्या मांसाचेच असतात. काप नकोत असे सांगता येते; ‘चाशू नुकी दे’ एवढे शब्द त्यासाठी पुरतात. पण रश्श्यात विरघळलेले काही वेगळे काढता येत नाही. रस्सा आणि तेल दोन्ही केवळ मासळीचे ठेवणारी दुकाने आहेत, फक्त ती आधी चौकशी करून शोधावी लागतात. ही चौकशी चिरंजीवांनी दारातच, पैसे भरण्यापूर्वी करावी, कारण बहुतेक दुकानांत आत शिरताच यंत्रात पैसे टाकून कुपन घ्यायचे असते आणि ते एकदा आचाऱ्याच्या हाती गेले की शंका विचारण्याची वेळ निघून गेलेली असते.

या सुक्या मासळीला ‘निबोशी’ म्हणतात. तारली या नावाखाली तुम्हाला जी सांगितली गेली, ती प्रत्यक्षात बहुतांशी ‘काताकुची इवाशी’ असते आणि ती आपल्याकडच्या मांदेलीच्या कुळातली आहे. खरी तारली, बांगड्यासारखी ‘आजी’ आणि उडणारा ‘आगो’ हे मासेही निबोशीसाठी वापरतात. पकडलेली मासळी खाऱ्या पाण्यात उकडायची आणि मग वाळवायची, अशी ही पद्धत आहे. जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातले इबुकीजिमा हे छोटे बेट यासाठी नावाजलेले आहे. तेथे उकडण्याचे कारखाने किनाऱ्यालाच लागून असल्यामुळे मासळी जाळ्यातून कढईत फार लवकर पोहोचते. चांगली निबोशी ओळखण्याची खूण सोपी आहे: अंग चंदेरी-निळसर, पोट न फुटलेले आणि देह किंचित वाकलेला. पोटाशी पिवळेपणा दिसला की चरबी खवट झाली असे समजावे.

घरी रस्सा करताना जपानी गृहिणी या माशाचे डोके आणि पोटातली काळी घाण नखाने खुडून टाकते, कारण कडवटपणा तेथून येतो. दाट रश्श्याची दुकाने नेमके याच्या उलट करतात. डोक्यासकट, आतड्यासकट मासळी भरमसाट प्रमाणात शिजवून, काही ठिकाणी तर भरडून, त्या रश्श्याला ती राखाडी रंग आणतात आणि शौकीन मंडळी कौतुकाने त्याला ‘सिमेंट’ म्हणतात. जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कडूपणा हा तेथे दोष मानला जात नाही. तो हवाच असतो, आणि त्याचा तोल साधावा म्हणून वर कच्चा कांदा बारीक चिरून घालतात. सुके बोंबील आणि सोडे आवडीने खाणाऱ्यालाही हा घोट पहिल्यांदा जड वाटू शकतो. म्हणून माझा सल्ला असा की, दुकानात हलका आणि दाट असे दोन प्रकार असतील तर पहिल्या खेपेला हलका घ्यावा. दाट रश्श्याची कीर्ती मोठी असली, तरी मासळीची खरी चव मला हलक्यातच अधिक स्वच्छ लागते.

टोकियोच्या शिंजुकू भागातल्या ‘गोल्डन गाय’ या दाटीवाटीच्या मद्यालयांच्या वस्तीतले ‘नागी’ हे दुकान या प्रकारासाठी परदेशी पाहुण्यांनाही ठाऊक आहे. चिरंजीवांच्या मनात तेच असेल, तर तुमच्या गुडघ्यांची चौकशी त्यांनी आधी करावी, कारण जिना अतिशय अरुंद आणि उभा आहे. तेथे वाडग्यात जाड, वळीदार शेवयांबरोबर रुंद, लिबलिबीत पट्ट्याही येतात. त्या चॉपस्टिकमधून हमखास निसटतात, तेव्हा अंगावर उडणार नाही इतपत खाली वाकूनच खावे.

टोकियोत हा प्रकार नवा नाही. एइफुकुचो येथील ‘ताइशोकेन’ १९५५ पासून निबोशीच्या रश्श्याचे रामेन भल्यामोठ्या वाडग्यात देत आले आहे. मात्र निबोशी रामेनचे खरे माहेर पाहायचे, तर उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातील त्सुगारू भागात जावे. तेथे सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांचा रस्सा पूर्वीपासून वाळवलेल्या आणि भाजलेल्या छोट्या मासळीचा करत, तोच पुढे रामेनमध्ये उतरला. नीगाता प्रांतात त्सुबामे येथे धातुकामाच्या कारखान्यांतील कामगारांसाठी याच रश्श्यावर डुकराच्या पाठीची चरबी भुरभुरवण्याची प्रथा पडली, म्हणजे कारखान्यात पोहोचेपर्यंत वाडगा गरम राहील. तो प्रकार अर्थातच तुमच्या उपयोगाचा नाही.

रीतिरिवाजांचा बाऊ करू नये. जवळ सुट्या हजार येनच्या नोटा ठेवाव्यात. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्यापासून काही जुनी यंत्रे त्या स्वीकारत नाहीत. प्रत्येकाने एक वाडगा घ्यावा, दोघांत एक अशी मागणी करू नये. दाट निबोशी रश्श्याच्या बऱ्याच दुकानांत शेवयांच्या पिठात पाणी कमी असते, त्यामुळे त्या रस्सा झटकन शोषतात. गप्पा आणि छायाचित्रे आवरती घेऊन लगेच खायला लागावे. भुरके मारले तरी चालतात, न मारले तरी कोणी नाव ठेवत नाही. बक्षिशी द्यायची नसते. रस्सा संपला की दुकान ठरल्या वेळेआधीही बंद होते, म्हणून रात्री उशिरापेक्षा दुपारी गेलेले बरे.

रस्सा उरवला तर अपमान समजला जात नाही, हे मुद्दाम सांगतो. प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि असा एक वाडगा तळापर्यंत प्यायला तर तेवढे मीठ त्या एका जेवणातच पोटात जाऊ शकते. रक्तदाब असेल तर शेवया खाऊन थांबावे. निबोशीत प्युरीनही (शरीरात ज्याचे युरिक ॲसिड बनते ते द्रव्य) भरपूर असते व ते रश्श्यात उतरते, त्यामुळे युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्याने दाट रश्श्याच्या वाटेस जाऊच नये.

प्रश्न : मालवणहून आणलेल्या सुक्या मासळीचा असा रस्सा घरी करता येईल काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : रस्सा होईल, पण ही चव येणार नाही. आपल्याकडची सुकी मासळी बहुधा कच्चीच उन्हात घालतात किंवा मिठात मुरवून वाळवतात. निबोशी मात्र आधी उकडलेली असते. उकडल्यामुळे माशाच्या अंगचे पाचक रस निकामी होतात आणि चव देणारे इनोसिनेट टिकून राहते. परदेशातून कोणी निबोशी आणून दिली, तर डोकी व पोट काढून मूठभर मासळी लिटरभर थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी, सोबत कोंबूचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा टाकावा, सकाळी मंद आचेवर फेस काढत दहा मिनिटे तापवून गाळून घ्यावे. कोंबूतील ग्लुटामेट आणि निबोशीतील इनोसिनेट एकत्र आले की चव दोहोंच्या बेरजेहून पुष्कळ वाढते. उरलेली निबोशी हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवावी. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत ती बाहेर राहिली तर लवकर पिवळी पडते.