ब्रेक पॅड स्वतः बदलायचेत? एवढंच लक्षात ठेवा

मालक, गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून लगेच दचकू नका. आधी सामान किती आणि मजुरी किती, हे वेगवेगळं विचारा. घरी केलं तर वाचते ती मजुरी. पॅड मात्र चांगलेच घ्या. सुरुवातीला फक्त पुढच्या चाकांचे डिस्क पॅड करा, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती (डिस्क) दाबून धरणारे. मागचे ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) वगैरे सध्या विसरा.

- चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. नुसत्या जॅकवर काम अजिबात नको. खाली स्टँड, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात डांबर मऊ पडून जॅक रुततो, म्हणून सकाळीच, काँक्रीटवर करा.
- कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.
- दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला. डिस्कला ग्रीसचा हात लागू नये.

नवखे हमखास विसरतात ते पुढचं. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं. गाडी हलवण्याआधी ते कडक होईपर्यंत दाबत राहा. मग मोकळ्या जागी हळू चालवून बघा, लगेच सोलापूरच्या होटगी रोडच्या गर्दीत घालू नका. पेडल मऊच राहिलं किंवा ब्रेक ऑइल गळताना दिसलं, तर गाडी तिथंच उभी ठेवून मेकॅनिकला बोलवा.