पंपाचा व्हॅक्यूम गेज हिवाळ्यात ७२० मिमी दाखवायचा, आता मे महिन्यात ६७५ वर अडकतो. कॅलिब्रेशन तर पास आहे. गेज गेला का?

भाऊ, गेज फेकू नका. तुम्ही लिहिलंय की जळगावला पीव्हीसी पाइप बनवायची लाइन आहे, पंप वॉटर रिंगचा (आत फिरणाऱ्या पाण्याच्या कड्यानं हवा ओढणारा) आहे आणि रीडिंग सक्शनचा व्हॉल्व्ह बंद करून घेतलंय. उत्तर त्यातच आहे.

डायलवर ७६० छापलंय म्हणून काटा तिथं पोचलाच पाहिजे असं नाही. साधा बोर्डन गेज (आत वाकडी नळी असलेला नेहमीचा काट्याचा गेज) बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी आहे, तेवढंच सांगतो. ७६० मिमी पारा हा समुद्रसपाटीचा प्रमाण दाब. जळगाव त्याहून साधारण २०० मीटर उंच, त्यात मे महिन्याची तापलेली विरळ हवा. तेव्हा इथला दाब ७३५ च्या आसपास असतो. आत पूर्ण निर्वात केलं तरी काटा त्यापुढं सरकणार नाही. हाच गेज उंचावरच्या तोरणमाळला नेलात तर ६७० सुद्धा दिसायचे नाहीत.

उरलेले साठेक मिमी तुमच्या पाण्यानं खाल्ले. वॉटर रिंग पंप स्वतःच्या पाण्याच्या बाष्पदाबाखाली, म्हणजे त्या पाण्याच्या वाफेच्या दाबाखाली, जाऊच शकत नाही. हिवाळ्यातल्या २० अंशाच्या पाण्याचा बाष्पदाब साडेसतरा मिमी, मे महिन्यात ४० अंशाला तो ५५ होतो. आता मांडून बघा: मे महिन्यात ७३५ वजा ५५, म्हणजे ६८०. हिवाळ्यात दाब ७४३ धरला तर ७२५. तुमचा काटा दोन्ही वेळा पाचच मिमी कमी दाखवतोय. १.६ क्लासच्या गेजला पूर्ण मापाच्या १.६ टक्के, म्हणजे १२ मिमीपर्यंत चूक चालते, त्यामुळे तुमचा गेज चांगलाच म्हणायचा.

लॅबमध्ये तो पास झाला कारण तिथं तुमचा पंप नसतो. गेज आणि मास्टर (तुलनेसाठीचा अचूक गेज) एकाच मॅनिफोल्डवर, म्हणजे सामाईक नळीवर लावतात, टप्प्याटप्प्यानं व्हॅक्यूम वाढवतात, मग उतरवतात, प्रत्येक ठिकाणी डायलला हलकी टिचकी मारून दोघांचे आकडे लिहितात. मास्टर ॲब्सोल्यूट, म्हणजे पूर्ण निर्वातापासून दाब मोजणारा असेल तर जवळ बॅरोमीटर हवाच. मी एकदा आळसानं मोबाइलच्या हवामान ॲपमधला दाब घेतला होता. तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो हे ध्यानातच आलं नाही. सतरा-अठरा मिमीचा फरक पडला आणि एका गिऱ्हाइकाचे तीन धडधाकट गेज मी नापास करून बसलो. नंतर जाऊन माफी मागितली, फुकट परत तपासून दिले.

खात्री करायचीच असेल तर पंपाच्या टाकीत बर्फाची लादी सोडा आणि काटा चढताना बघा. फक्त व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप फार वेळ चालवू नका. आत खडे घोळल्यासारखा आवाज आला की लगेच उघडा, नाहीतर इम्पेलर (पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक) खाल्ला जाईल.