अपडेट फसले, विंडोज सुरू होत नाही: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: लॅपटॉप दोन तासांपासून 'अनडूइंग चेंजेस'वर अडकला आहे. बंद करू का?

आधी हार्ड डिस्कचा दिवा पाहा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका. जुन्या, फिरत्या डिस्कवर दोन-तीन तास सहज लागतात. एसएसडीवर (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कवर) मात्र तास उलटूनही काहीच हलले नाही तर ते अडकलेच समजा. मग पेन ड्राइव्ह, प्रिंटर, डोंगल सगळे काढा, चार्जर लावूनच ठेवा आणि पॉवरचे बटण १०-१५ सेकंद दाबून धरा.

प्रश्न: लोगो येतो, ठिपके फिरतात, पुन्हा रीस्टार्ट. व्हिडिओ पाहून 'बूटरेक'च्या (बूट फाइल्स, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स दुरुस्त करण्याच्या) सगळ्या कमांड दिल्या, उपयोग झाला नाही.

होणारही नव्हता. ठिपके फिरतात म्हणजे बूट फाइल्स बहुधा ठीक आहेत. दुखणे पुढे, अर्धवट बसलेल्या अपडेटमध्ये आहे. त्यामुळे ते अपडेटच काढायचे.

लोगो दिसताच बटण दाबून धरून मशीन बंद करा. असे दोन-तीनदा केले की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जाते. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स असे जा. दर महिन्याचे अपडेट असेल तर 'क्वालिटी', आवृत्तीच बदलली असेल तर 'फीचर' निवडा. फीचर अपडेट साधारण १० दिवसांतच मागे घेता येते. नंतर जुन्या विंडोजचे फोल्डर पुसले जाते.

अनइन्स्टॉल होत नसेल तर त्याच पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट उघडा. इथे बहुतेक जण चुकतात: दुरुस्तीच्या वातावरणात तुमचा सी ड्राइव्ह कधी कधी डी म्हणून दिसतो. 'डिर सी:' (dir C:), 'डिर डी:' (dir D:) देऊन 'विंडोज' आणि 'यूझर्स' ही फोल्डर कुठे आहेत ते पाहा. समजा ती डीवर आहेत, तर पुढील कमांड इंग्रजी अक्षरांत (DISM /Image:D:\ /Cleanup-Image /RevertPendingActions) टाइप करा:

डीआयएसएम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स

लटकलेली कामे यामुळे रद्द होतात. ही कमांड चालू विंडोजमध्ये देता येत नाही, फक्त इथूनच. मग रीस्टार्ट करा. पहिल्या वेळी सुरू व्हायला बराच वेळ लागेल.

प्रश्न: निळ्या पडद्यावर बिटलॉकरची की मागतो आहे. मी तर कधी लावलीच नव्हती.

तुम्ही लावली नसेल, पण बिटलॉकर म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करताच हे कुलूप (एन्क्रिप्शन) आपोआप चालू होते आणि की त्या खात्यात जमा होते. मोबाइलवरून त्याच खात्यात लॉगिन करा, 'डिव्हाइसेस'मध्ये रिकव्हरी की शोधा. की ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. एकापेक्षा जास्त दिसल्या तर पडद्यावरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरे जुळवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटी विभागाकडे मिळेल.

की नसेल तर डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही. 'करून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. तेव्हा सेफ मोडमध्ये एक फाइल पुसणे पुरेसे होते, पण असंख्य ठिकाणी काम या कीपाशीच अडले.

प्रश्न: दुकानदार फॉरमॅट करायला सांगतो. दुकानाचे हिशेब आणि मुलीचे फोटो आहेत.

डेटा बाहेर काढल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका, घाई कितीही असो. दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'नोटपॅड' (notepad) टाइप करा. फाइल, ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. त्याच खिडकीत फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करा आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, थांबा. एकेक फोल्डर घ्या आणि शेवटी दोन्हीकडचा आकार ताडून पाहा.

'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स'वर थांबू नका. टॅलीचा डेटा अनेकदा 'यूझर्स'मधल्या 'पब्लिक'मध्ये किंवा थेट सी ड्राइव्हवर टॅलीच्या फोल्डरात असतो. डेस्कटॉपही पाहा.

त्यानंतर 'रीसेट धिस पीसी', 'कीप माय फाइल्स'. वैयक्तिक फाइल्स राहतात, पण टॅली, ऑफिस, मराठी फाँट सगळे पुन्हा टाकावे लागते.

प्रश्न: दुरुस्त झाल्यावर तेच अपडेट पुन्हा आले तर?

येणारच. सेटिंग्जमध्ये 'पॉज अपडेट्स' करा. विंडोज ११ मध्ये एका वेळी पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येते. तेवढ्यात सी ड्राइव्हवर किमान २० जीबी जागा मोकळी करा आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून बायोस (विंडोजच्या आधी चालणारे मशीनचे मूळ सॉफ्टवेअर) व ड्रायव्हर अद्ययावत करा. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' (तात्पुरते बंद) करा, नाहीतर तोच निळा पडदा पुन्हा की मागेल.